गोळ्या लपवू नका, मोजा

'माझे मिस्टर कुपवाड एमआयडीसीत कामाला आहेत, वय ३९. तीन वर्षांपूर्वी मणक्याची गादी सरकली तेव्हा डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दिली होती, दिवसाला दोन. झोप लागेना म्हणून नंतर रात्री अल्प्राझोलमची अर्ध्या मिलिग्रॅमची एक सुरू झाली. आता दुखण्याच्या गोळ्या दिवसाला १२ ते १४ होतात आणि रात्रीच्या चार. गणपतीत मी दोन दिवस पाकिटं लपवून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना झटका आला, तोंडाला फेस आला. तेव्हापासून मी गोळ्यांना हात लावत नाही. दीर म्हणतात, चार दिवस खोलीत कोंडू, आपोआप सुटेल. सासऱ्यांनी एका केंद्राला फोन केला आहे. ते लोक रात्री गाडी घेऊन येतात, माणसाला उचलून नेतात आणि तीन महिने भेटू देत नाहीत. आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्यांना कुठे न्यावं? चांगलं केंद्र कसं ओळखावं? आणि झटका माझ्यामुळे आला का?'
— एक वाचक, सांगली जिल्हा

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. तुम्ही गोळ्या लपवल्या त्या नवऱ्याच्या काळजीपोटी, आणि या गोळ्या अचानक थांबल्या तर काय होतं हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते सांगायला हवं होतं गोळी लिहिणाऱ्याने आणि विकणाऱ्याने. दोष तुमचा नाही.

झटक्याची कारणं दोन असू शकतात. अल्प्राझोलम शरीरातून लवकर निघून जाणारं औषध आहे. महिनोन् महिने रोज २ मिलिग्रॅम घेणाऱ्याचं ते एकदम बंद झालं, तर पहिल्या एक ते तीन दिवसांत झटका येऊ शकतो, आणि तुमचा तिसरा दिवस त्यात बरोबर बसतो. दुसरं कारण ट्रॅमाडॉल. त्याची दिवसाची कमाल मात्रा ४०० मिलिग्रॅम आहे. तुम्ही लिहिलेल्या एकत्र गोळीत बहुधा ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, पाकिटावर बघून घ्या. अशा १४ गोळ्या म्हणजे ५२५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल, आणि एवढ्या मात्रेवर गोळी चालू असतानाही झटका येऊ शकतो. त्याच १४ गोळ्यांतून साडेचार ग्रॅमहून जास्त पॅरासिटामॉल पोटात जातं. धडधाकट माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या पुढे ते यकृताला घातक, आणि त्यात दारू असेल तर मर्यादा आणखी खाली येते. नशेची चर्चा सगळे करतात, पण या गोळीतल्या पॅरासिटामॉलकडे कुणी बघत नाही. यकृताची रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, सतत उलट्या झाल्या, तर आठवड्याचीही वाट न बघता त्याच दिवशी न्या.

आता दिरांचा उपाय. कोंडून ठेवणं म्हणजे गणपतीत जे झालं तेच पुन्हा करणं, फक्त यावेळी दार बाहेरून बंद असेल. नुसतं ट्रॅमाडॉल एकदम थांबलं तर माणूस कळवळतो: नाक-डोळे गळतात, जुलाब लागतात, पाय ओढतात, अंगावर काटा येतो, मन सैरभैर होतं. पहिल्या दिवसाच्या आतच हे सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतं. फार हाल होतात, पण नुसत्या त्याने सहसा जीव जात नाही. अल्प्राझोलमचं तसं नाही. ते अचानक थांबवल्यावर झटक्यांवर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या गोळ्या घरात, डॉक्टरांशिवाय, बंद करायच्या नाहीत. दिरांना हा परिच्छेद वाचायला द्या.

तेव्हा आजपासून गोळ्या लपवायच्या नाहीत, मोजायच्या. एक वही घ्या. कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, किती वाजता, किती, असं चार-पाच दिवस लिहा. रिकाम्या पट्ट्या फेकू नका, त्या एका पिशवीत जमा होऊ द्या, कारण पट्टीवरचं नाव आणि मात्रा खोटं सांगत नाही. पेशंट ओपीडीत नेहमी निम्मा आकडा सांगतो, लाजेपोटी. डॉक्टर त्या निम्म्या आकड्यावर औषध ठरवतात, ते अपुरं पडतं, आणि तिसऱ्या दिवशी पेशंट वॉर्डातून पळतो. उपचार फसण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि तुमची वही ते टाळू शकते. दारू, खोकल्याचं औषध, पाय आखडतात म्हणून कुणी दिलेलं प्रेगाबालिन, यातलं काही घेत असतील तर तेही लिहा. मणक्याचा जुना एमआरआय आणि आधीच्या चिठ्ठ्या त्याच पिशवीत ठेवा.

वहीचं त्यांच्यापासून लपवू नका. बोलायची वेळ निवडा: सकाळची गोळी घेऊन तास-दीड तास झालेला असतो तेव्हा. त्याआधी ते तलफेत असतात आणि रात्री गुंगीत. मुलगा शाळेत गेलेला असू दे. व्यसन हा शब्द पहिल्या बोलण्यात आणूच नका. झटक्याबद्दल बोला, कारण त्या सकाळची भीती त्यांनाही आहे. 'मी गोळ्या काढून घेणार नाही. झटका पुन्हा येऊ नये म्हणून आपण फक्त एकदा डॉक्टरांना दाखवू, मी बरोबर येते,' एवढंच पुरे. मागणी एका ओपीडीची करा, तीन महिन्यांची नको. बहुतेक माणसं ओपीडीला नाही म्हणत नाहीत. गाडी येऊन उचलून नेईल या धास्तीपोटी मात्र ती घर सोडून जातात.

कुठे न्यायचं? तुम्ही दूर शोधत आहात, पण पहिला दरवाजा मिरजेतच आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सकाळी केसपेपर काढायच्या वेळेलाच पोहोचा, नोंदवही आणि पिशवी समोर ठेवा, आणि दोन वाक्यं अगदी आधी सांगा: 'गोळ्या थांबल्यावर झटका आला होता' आणि 'दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र चालू आहेत.' या दोन वाक्यांवर त्यांना वॉर्डात दाखल करून घेण्याचा विचार होईल, आणि आमच्या मते पहिला टप्पा वॉर्डातच व्हायला हवा. तिथे झटका आला तर डॉक्टर आणि ऑक्सिजन हाताशी असतो, यकृताची तपासणी होते, आणि मणक्यासाठी हाडांच्या डॉक्टरांचं मतही त्याच आवारात मिळतं.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या वाचकांसाठी: जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मनोरुग्णालय आहे. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन क्रमांक. जवळचं सरकारमान्य केंद्र कुठलं, हे तिथे विचारा. रात्री-अपरात्री मनाचा तोल जातोय असं वाटलं, त्यांचा किंवा तुमचा, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

वॉर्डात काय होईल ते आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर घरचेच घाबरून डिस्चार्ज मागतात. ट्रॅमाडॉल एक तर टप्प्याटप्प्याने उतरवतात किंवा थांबवून त्रासावरची औषधं देतात. काहींना ट्रॅमाडॉलच्याच जातीच्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची जिभेखाली विरघळणारी गोळी सुरू करतात. ती अंगात आधीचं औषध भरलेलं असताना दिली तर उलट त्रास उसळतो. म्हणून शेवटची गोळी घेऊन बारा तास तरी उलटलेत आणि त्रास सुरू झालाय, हे बघूनच पहिली मात्रा देतात. तेव्हा 'शेवटची गोळी कधी घेतली' याचं उत्तर खरंच द्यायचं. 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असं नातेवाईक म्हणतील. फरक असा की ब्युप्रेनॉर्फिन मोजून, नेमून दिलेल्या ठिकाणी मिळतं, त्यावर माणूस कामाला जाऊ शकतो, आणि ते कमी करत आणण्याचा निर्णय डॉक्टरांबरोबर घेता येतो. सोबत झोपेच्या गोळ्या चालू असल्याने डॉक्टर त्याबाबत जास्त जपून पावलं टाकतील, आणि तेच योग्य.

अल्प्राझोलमचा हिशेब वेगळा आणि लांबचा. तो इथे मांडतो तो घरी करण्यासाठी नव्हे, वेळ का लागतो ते कळावं म्हणून. समजा २ मिलिग्रॅमवरून दर दोन आठवड्यांनी पाव मिलिग्रॅम कमी केलं. आठ पायऱ्या, म्हणजे चार महिने. पहिली पायरी एकूण मात्रेच्या आठव्या हिश्श्याची, सोसवते. पण अर्ध्या मिलिग्रॅमवर आल्यावर तोच पाव म्हणजे निम्मी मात्रा एकदम गेली! म्हणून लोक शेवटच्या टप्प्यात कोसळतात आणि 'एवढं करूनही जमत नाही' म्हणून पुन्हा चारवर जातात. शेवटच्या पायऱ्या आणखी लहान हव्यात. त्यासाठी डॉक्टर बऱ्याचदा डायझेपामसारखं सावकाश उतरणारं औषध बदलून देतात आणि मग तेच थोडंथोडं कमी करतात. अडीच महिन्यांनी झोप उडाली, चिडचिड वाढली, तर ते अपयश नाही. पायरी मोठी झाली आहे, डॉक्टरांना सांगून तिथेच थांबायचं. मागे मात्र फिरायचं नाही, आणि झोप येत नाही म्हणून रात्री पेग तर अजिबात नाही. दारू आणि या गोळ्या एकत्र आल्या की श्वास मंदावतो.

त्यावरून, तोवर घरात काय जपायचं. ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलम आणि दारू या तिघांपैकी कोणतेही दोन एकत्र जास्त झाले तर माणसाचा श्वास झोपेतच बंद पडू शकतो. हाक मारून, खांद्याला चिमटा काढूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला असेल, घोरणं गुरगुरल्यासारखं येत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर 'झोपू दे, उतरेल' म्हणू नका. कुशीवर वळवा, १०८ला फोन करा, पट्ट्या सोबत द्या. झटका आला तरी कुशीवरच वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, घड्याळ बघायचं. दातात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, पाणी पाजायचं नाही. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा लागोपाठ दुसरा आला तर १०८.

आता सासऱ्यांनी फोन केलेल्या केंद्राबद्दल. त्या केंद्राची आम्हाला माहिती नाही, पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी पुरेशा आहेत: न तपासता रात्री उचलून नेणं आणि तीन महिने भेट बंद. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ व्यसनाशी निगडित मानसिक स्थितींनाही लागू आहे. माणसाच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर त्याने स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचा धोका असावा लागतो, किंवा स्वतःची काळजी घेता येत नाही इतकी अवस्था बिघडलेली असावी लागते. त्याच्या प्रतिनिधीने अर्ज करावा लागतो. दोन तज्ज्ञांनी, ज्यातले एक मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासावं लागतं. आणि पहिल्यांदा मुदत ३० दिवसांपर्यंतच असते. साखळीने बांधणं, सक्तीने मुंडण करणं यांना कायद्याने बंदी आहे. सासऱ्यांची तगमग खरी आहे, मुलगा डोळ्यांसमोर खचताना त्यांना बघवत नाही. पण अशी जबरदस्तीने नेलेली माणसं परत आल्यावर पहिली शिक्षा घरच्यांना देतात, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांचं नाव काढू देत नाहीत.

वॉर्डनंतर केंद्र लागेलच असं नाही. नोकरी आहे, घर सांभाळणारी माणसं आहेत, गोळी दुखण्यातून लागली आहे. अशांपैकी अनेकांचं वॉर्ड आणि मग दर आठवड्याची ओपीडी एवढ्यावर भागतं. वॉर्डातून आल्यावर पुन्हा पुन्हा गोळी सुरू झाली, दारूही असेल, किंवा गोळी पुरवणारे मित्र रोज भेटत असतील, तर निवासी केंद्राचा विचार करा. केंद्रं तपासायला तुम्ही आणि सासरे दोघं जा, आणि फोन न करता दुपारी जा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक मागा. नोंदणीशिवाय असं केंद्र चालवता येत नाही, आणि 'आमची ट्रस्टची नोंदणी आहे' हे उत्तर चालणार नाही. मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात आणि रात्री औषध कोण देतं ते विचारा. रात्रीचं औषध आणि राखण जुन्या पेशंटांवर सोपवलेली असेल तर परत फिरा. मग नेमका हा प्रश्न टाका: 'अल्प्राझोलम रोज २ मिलिग्रॅम चालू आहे, झटका येऊन गेलाय, तुम्ही काय कराल?' 'पहिल्याच दिवशी सगळं बंद' असं उत्तर आलं, तर बाकी इमारत कितीही चकचकीत असो, तिथे ठेवू नका. 'आधी हॉस्पिटलमधून उतरवून आणा' असं म्हणणारं केंद्र जबाबदार आहे. संडास आणि स्वयंपाकघर बघा, दाखल असलेल्या एखाद्या माणसाशी पाच मिनिटं एकट्याने बोलू देतात का बघा. फीमध्ये औषधं आणि तपासण्या धरल्या आहेत का ते लिहून घ्या, पावती घ्या. शंभर टक्के गॅरंटी देणारे आणि चहातून नकळत द्यायचं चूर्ण विकणारे, दोघांनाही वगळा.

खर्चाची अडचण असेल तर समाज कल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांची यादी मागा. स्वयंसेवी संस्थांत पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून आणि मुंबईची कृपा फाउंडेशन १९८१पासून हे काम करत आहे. सांगलीहून पुणे लांब वाटेल, पण घरच्यांना उपचारात सामावून घेणारं केंद्र कसं असतं ते फोनवर विचारून घेतलं तरी जवळचं केंद्र पारखायला मोजमाप मिळतं.

कामाच्या ठिकाणी काय सांगायचं? 'मणक्याच्या आणि झटक्याच्या उपचारासाठी दाखल' हे खरंच आहे आणि तेवढंच पुरे. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) कार्ड असेल तर दाखल होण्याआधीच त्यांच्या दवाखान्यात जाऊन आजारपणाच्या लाभासाठी कोणती कागदपत्रं लागतील ते विचारा, नंतर धावपळ होते. कामावर अवजड यंत्र किंवा गाडी चालवत असतील तर आत्ताच, आजपासून, ते थांबवायला हवं. झटका येऊन गेलेला आहे.

पोलिसांची भीतीही लोकांना डॉक्टरांपासून दूर ठेवते. मालेगावात हीच अल्प्राझोलम 'कुत्ता गोळी' म्हणून विकली जाते, धाडींच्या बातम्या येतात, आणि चिठ्ठीवर गोळी लागलेली माणसंही स्वतःला गुन्हेगार समजू लागतात. उपचार मागणं हा गुन्हा नाही. अमली पदार्थ कायद्यातच, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनग्रस्ताला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम आहे. आणि तुम्ही एकट्या नाही: २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याबाहेर घेणाऱ्यांचा अंदाज १ कोटी १८ लाख होता, आणि अशा माणसांची संख्या सर्वांत मोठी असलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे.

मेडिकलवाल्याशी भांडू नका, पण बोला. अल्प्राझोलम आणि ट्रॅमाडॉल दोन्ही औषधविक्रीच्या कडक नियमांच्या एच-वन यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, मात्रा वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षं ठेवावी लागते. पण हे बोलणं वॉर्डात दाखल होण्याच्या आधी करू नका. आधी केलंत तर पुरवठा अचानक तुटेल आणि गणपतीचा प्रसंग पुन्हा घडेल. उपचार सुरू झाल्यावर, मिस्टरांच्या संमतीने, गल्लीतल्या दोन-तीन दुकानांत सांगून ठेवा. ऐकलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाचं जिल्हा कार्यालय आहे.

मणका विसरू नका. गोळी सुटली आणि कंबर तशीच ठणकत राहिली, तर तीन महिन्यांत नव्या डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी येते. फिजिओथेरपी, कामावर वजन उचलण्यातला बदल, सवय न लागणारी वेदनाशामकं, हे सगळं वॉर्डातच ठरवून घ्या. पुढे दात काढायचा असो की हात मोडो, प्रत्येक डॉक्टरांना 'ट्रॅमाडॉलची सवय लागली होती' हे सांगायचं. आणि हे त्यांना स्वतःला समजावून सांगा: महिनाभर गोळी बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी पचणाऱ्या १४ गोळ्या नंतर एखाद्या वाईट दिवशी एकदम घेतल्या तर त्या जीव घेऊ शकतात. घसरण झालीच तर लपवायची नाही, दुसऱ्या दिवशी ओपीडीत जायचं.

मुलाला विचारेल तेवढंच सांगा. त्याने झटका पाहिला असेल तर तो मनात काहीतरी भयंकर धरून बसलेला असतो. 'बाबांना औषधाचा त्रास झाला, आता डॉक्टर बरं करताहेत, तुझ्यामुळे काही झालेलं नाही,' हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. तुमच्यासाठी, मानसोपचार विभागातल्या समाजसेवकांना नातेवाइकांच्या गटाबद्दल विचारा, आणि ओपीडीच्या दिवशी घरातलं आणखी एक माणूस बरोबर न्या. दीर आले तर उत्तम. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्याही कानावर पडेल. वही, पट्ट्यांची पिशवी, एमआरआय, आधार कार्ड. आणि त्या दिवशी सकाळची गोळी थांबवू नका. घेतलेल्या वेळेची नोंद तेवढी वहीत करा.